रॉडनी फॉक्स : शार्कच्या जबड्यातून परतलेल्या पाणबुड्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉडनी फॉक्स कोण, आणि साठ वर्षांनंतरही त्यांच्याविषयी एवढे का विचारले जाते?

रॉडनी फॉक्स हे दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचे पाणबुडे. त्यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९४० रोजी झाला. ८ डिसेंबर १९६३ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ॲडलेडच्या दक्षिणेस असलेल्या अल्डिंगा बीचजवळ एका मोठ्या पांढऱ्या शार्कने त्यांना छातीभोवती जबड्यात धरले. एवढ्या जखमा होऊनही माणूस जगल्याची उदाहरणे त्या काळी फारच थोडी होती. तरीही केवळ वाचले म्हणून त्यांचे नाव इतकी वर्षे टिकले असते असे वाटत नाही, कारण शार्कच्या हल्ल्यातून वाचलेली माणसे जगात पुष्कळ आहेत. फॉक्स त्याच प्राण्याकडे परत गेले, त्याला जवळून पाहता यावे म्हणून त्यांनी समुद्रात पिंजरा उतरवला, चित्रपटांच्या आणि दूरचित्रवाणीच्या पथकांना त्याच्यापर्यंत नेले, आणि पुढची चार दशके तोच त्यांचा व्यवसाय झाला. पांढऱ्या शार्कचे जे पाण्याखालचे रूप आज जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात आहे, ते घडवण्यात या माणसाचा वाटा मोठा आहे. त्या रूपातल्या भीतीतही तो आहे आणि कुतूहलातही.

हल्ल्याच्या आधी ते काय करीत असत?

पोटासाठी ते आयुर्विम्याच्या पॉलिसी विकत. विमा विकणाऱ्यावरच असा प्रसंग यावा, यावर पुढे बरेच विनोद झाले आणि त्यांतले काही त्यांनी स्वतःही केले. सुट्टीच्या दिवशी मात्र ते भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धांत उतरत. या खेळात पाठीवर हवेची टाकी घ्यायची नसते. एका श्वासात खाली जायचे, हातातल्या भालाबंदुकीने मासा टिपायचा आणि दम संपण्यापूर्वी वर यायचे. दिवसअखेर कोणी किती जातींचे आणि किती वजनाचे मासे आणले यावर गुण ठरतात. फॉक्स दक्षिण ऑस्ट्रेलियाचे विजेते होते आणि १९६३ च्या स्पर्धेत ते आपले विजेतेपद राखण्यासाठी उतरले होते.

त्या काळात या किनाऱ्यावरील पाणबुड्यांना धोक्याची कल्पनाच नव्हती, असे म्हणता येणार नाही. मार्च १९६१ मध्ये अल्डिंगा येथेच ब्रायन रॉजर या नामांकित स्पर्धकाला शार्कने पायावर आणि हातावर चावे घेतले होते. डिसेंबर १९६२ मध्ये तिथून फार दूर नसलेल्या कॅरिकलिंगा येथे सोळा वर्षांचा एक तरुण स्पर्धक शार्कच्या हल्ल्यात मरण पावला होता. फॉक्स यांच्यावरील हल्ला हा लागोपाठच्या तिसऱ्या वर्षातला तिसरा. तरीही स्पर्धा झाली आणि स्पर्धक पाण्यात उतरले. खेळाची ओढ म्हणा किंवा तरुण वयातली बेफिकिरी म्हणा, पण त्या मंडळींना आज मूर्ख ठरवणे हे काठावर बसून बोलण्यासारखे होईल.

८ डिसेंबर १९६३ रोजी नेमके काय घडले?

स्पर्धेचे काही तास उलटून गेले होते. मासे मारले की रक्त पाण्यात मिसळते, जखमी मासे धडपडतात, आणि त्या धडपडीची कंपने दूरवर पोहोचतात. अनेक स्पर्धक एकाच भागात सकाळपासून मासे मारत असतील तर शार्कला आमंत्रण द्यायला आणखी काही लागत नाही. प्रत्येक स्पर्धकाच्या कमरेच्या पट्ट्याला एक लांब दोर असे आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला पकडलेले मासे ठेवण्याचा तरंगता बोया. हा दोर पुढच्या हकिकतीत महत्त्वाचा आहे.

फॉक्स किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर, खडकांच्या कडेला, डस्की मॉरवाँग जातीच्या एका मोठ्या माशावर नेम धरून खाली जात होते. त्या क्षणी आजूबाजूचा समुद्र एकाएकी स्तब्ध झाल्यासारखा वाटला, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. पाठोपाठ डाव्या बाजूने प्रचंड धडक बसली. हातातली बंदूक उडाली, चेहऱ्यावरचा मास्क निघाला आणि आपण शार्कच्या तोंडात आहोत हे त्यांच्या लक्षात आले. जबड्याची पकड छातीभोवती आणि पाठीवर होती. त्यांनी हात मागे टाकून शार्कच्या डोळ्यांच्या जागी बोटे खुपसण्याचा प्रयत्न केला. पकड सैल झाली, पण त्याला ढकलून देण्याच्या धडपडीत त्यांचा उजवा हात शार्कच्या तोंडातच शिरला आणि तो बाहेर ओढताना दातांवर चिरला गेला. पुन्हा चावा बसू नये म्हणून त्यांनी शार्कलाच मिठी मारली. मात्र छातीतली हवा संपत आली होती, त्यामुळे मिठी सोडून वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पृष्ठभागावर येऊन त्यांनी श्वास घेतला आणि खाली पाहिले, तेव्हा रक्ताने लाल झालेल्या पाण्यातून शार्क परत वर येत होता. या वेळी त्याने फॉक्सना न धरता दोराच्या टोकाचा बोया तोंडात घेतला आणि तो खोल जाऊ लागला. दोर कमरेला बांधलेला असल्याने फॉक्सही ओढले गेले. पट्टा सोडवावा तर त्याची कडी धडपडीत पाठीकडे सरकलेली, आणि हातांत बळ उरलेले नाही. बुडूनच मरायचे अशी वेळ आली असताना तो दोर तुटला. बहुधा पहिल्या चाव्यातच दातांनी तो अर्धवट कापला गेला असावा. ते वर आले तेव्हा एक होडी जवळच होती आणि तिच्यातल्या लोकांनी त्यांना पाण्याबाहेर ओढून घेतले.

जखमा किती गंभीर होत्या आणि ते वाचले कशामुळे?

डाव्या बाजूच्या बरगड्या मोडल्या होत्या, फुप्फुस फाटले होते, पोट उघडे पडून आतले अवयव दिसत होते, आणि उजव्या हाताचे स्नायुबंध कापले गेले होते. रॉयल ॲडलेड हॉस्पिटलमध्ये कित्येक तास शस्त्रक्रिया चालली आणि त्यांना साडेतीनशेहून अधिक टाके घालावे लागले. टाके घातलेल्या त्यांच्या धडाचे छायाचित्र त्यानंतर जगभर छापले गेले. शार्कच्या दाताचा एक तुकडा त्यांच्या मनगटात तसाच राहिला.

त्यांच्या वाचण्याला चमत्कार म्हणण्याची प्रथा आहे. मला ते पटत नाही, कारण कोणती गोष्ट कशामुळे उपयोगी पडली हे येथे बऱ्यापैकी सांगता येते. पहिली गोष्ट म्हणजे अंगातला रबरी वेटसूट. तो फाटला होता, पण अंगाला घट्ट बसलेला असल्याने त्याने जखमेच्या कडा आणि अवयव जागेवर धरून ठेवले. मित्रांनी तो उतरवण्याची घाई केली नाही, हे शहाणपणाचे ठरले. दुसरी गोष्ट वेळेची. होडी जवळ होती, किनाऱ्यावर मोटार मिळाली, वाटेत रुग्णवाहिका भेटली आणि शहरात पोलिसांनी रस्ते मोकळे ठेवले. तिसरी गोष्ट नशिबाची म्हणावी लागेल: ज्या सर्जनच्या हाती ते पडले, ते छातीच्या शस्त्रक्रियांचे विशेष शिक्षण घेऊन नुकतेच इंग्लंडहून परतले होते, असे फॉक्स सांगत आले आहेत. शार्कच्या चाव्याने जी माणसे दगावतात, ती बहुतेक रक्त वाहून गेल्याने. म्हणून अशा प्रसंगी जखम जोराने दाबून धरणे, हातापायाची मोठी शीर तुटली असेल तर तिच्या वरच्या बाजूला करकचून पट्टी बांधणे आणि रुग्णाला विनाविलंब हलवणे, यांनाच आजही सर्वाधिक महत्त्व आहे.

शार्कने त्यांना सोडून का दिले?

शार्कच्या मनात काय होते हे कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे येथे अंदाजांवरच भागवावे लागते. पांढरा शार्क अनोळखी वस्तू तोंडात घेऊन तपासतो आणि पुष्कळदा सोडून देतो, हे अनेक प्रसंगांत दिसले आहे. सीलच्या अंगावर चरबीचा जाड थर असतो. हाडकुळा, रबरात गुंडाळलेला माणूस त्या मानाने त्याच्या उपयोगाचा नाही, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. शार्क माणसाला सील समजतो, हे लोकप्रिय मत मात्र सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. पांढऱ्या शार्कची नजर चांगली असते आणि शिवाय जिवंत प्राण्यांच्या स्नायूंतून निघणारी सूक्ष्म विद्युतस्पंदने टिपणारी इंद्रिये त्याच्या मुस्कटावर असतात.

डोळ्यांवरच्या प्रतिकाराने फरक पडला असण्याची शक्यता मात्र नाकारता येत नाही. अनेक जातींच्या शार्कना डोळ्यावर ओढता येणारा एक संरक्षक पडदा असतो. पांढऱ्या शार्कला तो नसतो. चावा घेताना तो बुबुळ मागे फिरवून डोळा वाचवतो, म्हणजेच त्या क्षणी तो जवळजवळ आंधळा असतो. डोळ्यावर आघात झाल्यास त्याने दचकून पकड ढिली करावी, हे या रचनेशी सुसंगत आहे.

ते पुन्हा पाण्यात कधी उतरले?

काही महिन्यांतच. त्यांची पत्नी के आणि मित्र यांच्या आधाराने ते परत पोहू लागले, पुन्हा डुबकी मारू लागले. पुढे विम्याचे काम सोडून ते अबॅलोनी काढणारे पाणबुडे झाले. अबॅलोनी हा एका कवचाचा, खडकाला चिकटून राहणारा समुद्री जीव असून पूर्व आशियात त्याला फार मोठी किंमत मिळते. ज्याला शार्कने चावले त्याने उपजीविकेसाठी थंड, गढूळ पाण्यात तासन्‌तास खडक खरवडत राहणे, ही गोष्ट मला हल्ल्याच्या हकिकतीइतकीच विलक्षण वाटते. तिच्याविषयी कोणी फारसे विचारत नाही, हा भाग वेगळा.

त्यांनी शार्कला लगेच माफ केले, असे म्हणतात. ते खरे आहे का?

इतके सरळ ते घडले नाही. १९६० च्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियात पांढरा शार्क हा मारण्याचाच प्राणी होता. आल्फ डीन या शिकाऱ्याने एप्रिल १९५९ मध्ये सेडुना येथे गळाने १,२०८ किलो वजनाचा पांढरा शार्क पकडला होता आणि तो जागतिक विक्रम ठरला होता. १९६५ मध्ये एक मोहीम निघाली तीही याच डीन यांच्या सोबतीने. तिच्यात हल्ल्यातून वाचलेले तिघे होते: फॉक्स, ब्रायन रॉजर आणि व्हिक्टोरिया राज्यातील हेन्री बूर्स. बूर्स हे व्यवसायाने सॅक्सोफोनवादक. नोव्हेंबर १९६४ मध्ये लेडी जुलिया पर्सी बेटाजवळ सीलच्या सहवासात पोहत असताना शार्कने त्यांचा पाय तोडला होता. कॅमेरा होता पाण्याखालचे चित्रीकरण करणारे रॉन टेलर यांच्याकडे.

म्हणजे शार्क पाहण्याची इच्छा, शिकार आणि चित्रीकरण हे सगळे तेव्हा एकाच बोटीवर होते. ज्यांना चावले त्यांनीच शार्कच्या मागे जावे, ही कल्पना वर्तमानपत्रांना आणि दूरचित्रवाणीला आवडण्यासारखी होती आणि त्या मोहिमेमागे ते गणितही होते. फॉक्स यांचे मत बदलत गेले ते त्यानंतरच्या वर्षांत, हा प्राणी वारंवार जवळून पाहिल्यावर: तो दिसेल त्याच्यावर तुटून पडत नाही, आमिषाभोवतीही बराच वेळ सावधपणे घिरट्या घालतो, आणि प्रत्येक शार्कची वागण्याची तऱ्हा निराळी असते. माफीपेक्षा सहवासातून आलेले ज्ञान, असे याला म्हणणे अधिक बरोबर होईल.

शार्कचा पिंजरा त्यांनीच शोधून काढला का?

असे सर्रास लिहिले जाते, पण तपशील थोडा वेगळा आहे. फ्रेंच सागरशोधक झाक-इव्ह कुस्तो यांच्या पथकाने शार्कपासून संरक्षण म्हणून पिंजरा वापरल्याचे १९५० च्या दशकातल्या त्यांच्या चित्रपटात दिसते. फॉक्स यांना कल्पना सुचली ती प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यातले सिंह पाहताना: येथे प्राणी आत आणि माणूस बाहेर आहे, समुद्रात याच्या उलट केले तर पांढरा शार्क निवांत पाहता येईल. पांढऱ्या शार्कचे निरीक्षण आणि चित्रीकरण करण्यासाठीच घडवलेला पिंजरा, आणि पुढे सामान्य पर्यटकाला त्यात उतरवण्याची पद्धत, हे श्रेय त्यांचे आहे आणि ते लहान नाही.

पिंजऱ्याची रचना दिसायला साधी, पण विचारपूर्वक केलेली असते. जाळी शार्कला आत डोके घालता येणार नाही इतकी बारीक हवी. कॅमेरा बाहेर काढता यावा म्हणून डोळ्यांच्या उंचीवर आडवी फट हवी. आणि वर तरंगत ठेवणारे बोये असे बांधलेले हवेत की शार्कने एखादा चावून फाडला तरी पिंजरा बुडू नये. शार्क पिंजऱ्यातल्या माणसावर हल्ला करतो असे क्वचितच होते. तो धातू चावतो ते बहुधा त्यातून पाण्यात पसरणाऱ्या क्षीण विद्युतप्रवाहामुळे. फॉक्स यांच्या कंपनीने पुढे समुद्राच्या तळापर्यंत उतरणारा पिंजराही वापरात आणला. पृष्ठभागावर दिसणारा शार्क आमिषाच्या नादात असतो. सुमारे वीस मीटर खोलीवर तो संथ गतीने, आपल्याच तंद्रीत फिरताना दिसतो.

‘जॉज’ या चित्रपटाशी त्यांचा संबंध काय?

१९७५ साली आलेल्या या चित्रपटात यांत्रिक शार्क होता हे सर्वांना ठाऊक आहे, मात्र त्यातली काही दृश्ये खऱ्या पांढऱ्या शार्कची आहेत. ती १९७४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉन आणि व्हॅलरी टेलर या दांपत्याने चित्रित केली आणि त्या मोहिमेच्या आयोजनात फॉक्स यांचा सहभाग होता. अडचण आकाराची होती. यांत्रिक शार्क सुमारे साडेसात मीटरचा, आणि समुद्रातले खरे शार्क त्याहून बरेच लहान. म्हणून छोटा पिंजरा बनवला गेला आणि त्यात उतरण्यासाठी ठेंगण्या बांध्याचा एक स्टंटमन आणला गेला, जेणेकरून शेजारचा शार्क अवाढव्य वाटावा.

एके दिवशी पिंजरा रिकामा असताना एक शार्क त्याच्या दोरांत अडकला आणि सुटण्यासाठी त्याने इतकी आदळआपट केली की पिंजरा तुटून खाली गेला. आत माणूस असता तर काय झाले असते, हे सांगायला नको. ते चित्रण मात्र इतके जबरदस्त होते की निर्मात्यांना ते सोडवेना. मूळ कादंबरीत पिंजऱ्यात उतरलेला शास्त्रज्ञ मारला जातो. चित्रपटात तो निसटतो आणि शार्क रिकाम्या पिंजऱ्यावर तुटून पडतो. समुद्रातल्या एका अपघाताने कथानकच बदलले.

या चित्रपटानंतर लोकांच्या मनात शार्कची भीती बसली आणि अनेक ठिकाणी शार्क मारण्याला उधाण आले. कादंबरीकार पीटर बेंचली यांनी पुढे उर्वरित आयुष्य शार्कच्या संरक्षणासाठी बोलण्यात घालवले. फॉक्स आणि टेलर दांपत्यही त्याच बाजूला गेले. ज्यांनी भीती पडद्यावर आणण्यास हातभार लावला, त्यांनीच ती ओसरावी म्हणून नंतर प्रयत्न केले, आणि या विसंगतीमुळे या माणसांविषयीचा आदर निदान माझ्या मनात कमी होत नाही. त्यांना दोन्ही वेळी याच व्यवसायातून पैसे मिळाले, हेही नमूद केले पाहिजे.

चित्रपटकार म्हणून त्यांचे काम नेमके कोणते?

फॉक्स हे प्रामुख्याने दिग्दर्शक नव्हेत. ते पाण्याखाली कॅमेरा चालवत, निर्मिती करीत, सल्ला देत आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे मोहीम जुळवून आणत. अमेरिकी चित्रपटकार पीटर गिंबेल यांच्या पथकाने पांढऱ्या शार्कच्या शोधात कित्येक महिने समुद्र पालथा घातला आणि अखेरीस तो त्यांना मिळाला तो दक्षिण ऑस्ट्रेलियातील डेंजरस रीफ येथे, फॉक्स यांच्या मदतीने. तो माहितीपट १९७१ मध्ये आला. पुढे झाक-इव्ह कुस्तो यांचे पुत्र झां-मिशेल यांचे पथकही याच समुद्रात फॉक्स यांच्यासोबत काम करून गेले.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, बोट घ्यायची, आमिष टाकायचे आणि कॅमेरा सुरू करायचा. प्रत्यक्षात दक्षिणेकडून येणाऱ्या लाटा दिवसच्या दिवस काम करू देत नाहीत. पाणी गढूळ असेल तर शार्क हाताच्या अंतरावर येईपर्यंत दिसत नाही. खोलीबरोबर पाण्यात लाल रंग आधी नाहीसा होतो, त्यामुळे कृत्रिम प्रकाशाविना सगळे निळे-करडे येते. दुरून भिंगाने जवळ ओढावे तर मधल्या पाण्यातील कणांमुळे चित्र धूसर होते. म्हणून रुंद कोनाचे भिंग लावून प्राण्याच्या अगदी जवळ जाणे हाच एक उपाय. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यात काही मिनिटांचीच रीळ मावत असे आणि ती बदलायला वर यावे लागे, त्यामुळे शार्क दहा तासांनी आला आणि रीळ संपलेली, असे घडणे नवलाचे नव्हते. अशा कामात शार्क कुठे, कोणत्या ऋतूत आणि कशा वाऱ्यात येतो हे जाणणारा माणूस कॅमेऱ्याइतकाच मोलाचा असतो.

पर्यटकांसाठी आमिष टाकून शार्क बोलावणे योग्य आहे का?

हा आक्षेप जुना आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. फॉक्स यांनी १९७० च्या दशकात हौशी पाणबुड्यांना पांढरा शार्क दाखवण्याच्या सफरी सुरू केल्या. पोर्ट लिंकनच्या दक्षिणेस असलेली नेपच्यून बेटे हे आज ऑस्ट्रेलियातील अशा पर्यटनाला परवानगी असलेले एकमेव ठिकाण आहे. तेथे सील मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे शार्क तेथे आमिष नसतानाही येतातच. मात्र बोटीजवळ आणण्यासाठी ट्यूनाचे रक्तमिश्रित तुकडे पाण्यात सोडले जातात. यामुळे शार्कची सवय बिघडते, शिकारीसाठी खर्च व्हायची शक्ती वाया जाते आणि माणूस म्हणजे खाद्य असा संबंध त्याच्या डोक्यात बसतो, असे टीकाकारांचे म्हणणे.

ऑस्ट्रेलियाच्या शासकीय संशोधन संस्थेने, सीएसआयआरओने, केलेल्या अभ्यासात दिसले की २००७ नंतर सफरींची संख्या वाढली तेव्हा शार्कचा या बेटांजवळचा मुक्कामही लांबला. त्यानंतर परवान्यांची संख्या आणि व्यवसायाचे दिवस यांवर मर्यादा घालण्यात आल्या. शार्क यामुळे माणसांवर अधिक हल्ले करू लागले, असे मात्र सिद्ध झालेले नाही. माझे मत विचाराल तर मर्यादित आणि देखरेखीखाली चाललेल्या सफरींमुळे या प्राण्याचा पक्ष घेणारी माणसे तयार झाली, आणि त्यांची गरज होती. परंतु आमिष निरुपद्रवी आहे असा दावा कोणी करू नये.

संशोधनाला त्यांचा काय उपयोग झाला?

पर्यटकांना घेऊन वर्षातले अनेक दिवस एकाच ठिकाणी जाणारी बोट ही शास्त्रज्ञांच्या दृष्टीने फुकटात मिळालेली वेधशाळा होती. शार्कना खुणेची यंत्रे लावण्याचे, त्यांच्या प्रवासाचा माग घेण्याचे बरेच काम या बोटींवरून झाले. फॉक्स यांचे पुत्र अँड्र्यू यांनी छायाचित्रांवरून एकेक शार्क ओळखण्याची नोंदवही उभी केली. पाठीचा करडा आणि पोटाचा पांढरा रंग जेथे मिळतात ती रेषा कल्ल्यांजवळ, मागच्या परांजवळ आणि शेपटीवर प्रत्येक शार्कमध्ये निराळी असते. तिच्यावरून तोच शार्क कित्येक वर्षांनी परत आला तरी ओळखता येतो. अशी शेकडो शार्कची ओळख त्यांनी नोंदवली आहे.

पांढऱ्या शार्कला आता संरक्षण आहे का?

दक्षिण आफ्रिकेने १९९१ मध्ये सर्वप्रथम त्याला संरक्षण दिले. ऑस्ट्रेलियाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचा समावेश राष्ट्रीय स्तरावरील असुरक्षित प्रजातींत केला, आणि २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा अंतर्भाव झाला. कायद्याची गरज होती, कारण हा प्राणी अतिशय सावकाश वाढतो, प्रौढ व्हायला त्याला बरीच वर्षे लागतात आणि मादीला थोडीच पिल्ले होतात. काही वर्षे अविचाराने मारला तर त्याची संख्या भरून यायला कित्येक दशके जातात. माणसांच्या बाजूचा हिशेब असा की जगभरात दर वर्षी शार्कने विनाकारण चावल्याच्या साधारण साठ-सत्तर घटना नोंदल्या जातात आणि त्यांतील मृत्यूंची संख्या बहुतेक वर्षी एक आकडी असते.

आपल्या कोकण किनाऱ्यावर हा शार्क आढळतो का?

पांढऱ्या शार्कला समशीतोष्ण, थंड पाणी मानवते. त्याचे शरीर काही भागांत भोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार राहू शकते, म्हणून दक्षिण ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी तो चपळपणे शिकार करतो. तारकर्ली किंवा मालवणला स्कूबासाठी जाणाऱ्यांनी त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. अरबी समुद्रात शार्कच्या इतर अनेक जाती आहेत, आणि बाजारात मुशी किंवा मोरी म्हणून विकले जातात ते लहान शार्कच. हल्ला अगदीच होत नाही असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पात्रात एका मासेमाराला शार्कने पायाला चावून गंभीर जखमी केले होते.

नेपच्यून बेटांवर जाऊन हे शार्क पाहायचे असतील तर काय तयारी लागते?

ॲडलेडहून विमानाने किंवा मोटारीने पोर्ट लिंकन गाठावे लागते आणि तेथून बोटीने साठ-सत्तर किलोमीटर दक्षिणेकडे. काही सफरी एका दिवसाच्या असतात, काहींत बोटीवरच मुक्काम असतो. पृष्ठभागावरच्या पिंजऱ्यात बोटीवरून नळीने हवा पुरवली जाते, त्यामुळे पाणबुड्याचे प्रशिक्षण नसले तरी चालते. तळाच्या पिंजऱ्यासाठी मात्र स्कूबाचे प्रमाणपत्र लागते. पाणी वर्षभर थंड असते आणि जाड वेटसूट बोटीवर मिळतो. मोठ्या माद्या प्रामुख्याने तेथल्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्याच्या सुमारास येतात, तर उन्हाळ्यात समुद्र शांत असला तरी दिसणारे शार्क बहुधा आकाराने लहान असतात. शार्क दिसेलच याची हमी कोणतीही कंपनी देत नाही. समुद्र खवळलेला असेल तर सफर रद्द होते, म्हणून परतीचे तिकीट लगेच दुसऱ्या दिवसाचे काढू नये.